शुक्रवारची दहा मिनिटं

मुळशी,
सोमवार, सकाळ

प्रिय इब्राहिम,

पाकिटावरचं माझं अक्षर बघून तू आधी दचकशील आणि मग चष्मा शोधायला उठशील. शुक्रवारी तर आपण फोनवर बोललो, येत्या शुक्रवारी पुन्हा बोलूच, मग मध्येच हा कागद कशाला, असं तुला वाटणार. पाकीट आणायला गेलो तेव्हा पोस्टातली मुलगीही म्हणाली, "आबा, फोन बिघडला का काय?" मी म्हटलं, फोन धडधाकट हाय, बोलणारे बिघडलेत. ती हसली. तू हसू नकोस. शेवटपर्यंत वाच, आणि दुकानात गिऱ्हाईक बसलं असेल तर त्याला उद्या ये म्हणून सांग.

मला एक शोध लागलाय. चौतीस वर्षं मी धरणावर पाऊस मोजला. रोज सकाळी साडेआठला नरसाळ्याखालची बाटली काढायची, काचेच्या मापात पाणी ओतायचं, खाली वाकून डोळा पाण्याच्या रेषेला लावायचा. त्यामुळे स्वतः मोजून बघितल्याशिवाय माझा कशावरच विश्वास बसत नाही, हे तू जाणतोस. तर गेले चार महिने माझ्या घरची माणसं माझ्यापासून काहीतरी लपवत होती. ते काय, हे हुडकून काढणं हाच माझा ह्या हिवाळ्यातला उद्योग. माझी खात्री झाली होती की ऑपरेशन फसलंय, माझे थोडेच दिवस राहिलेत, आणि तेवढं सोडून बाकी सगळं मला सांगतायत. शोध कसा लागला ते तुला क्रमानंच सांगतो. यातलं पुष्कळ तुला ठाऊक आहे. तरी माझ्या बाजूनं ऐक.

सहा वर्षं माझं हृदय वेडंवाकडं चालत होतं, ते तू पाहिलंस. पोत्यात कोंबडं कोंडावं तशी छातीत फडफड. तुझ्या दुकानाच्या पाच पायऱ्या चढताना मी तिसरीवर थांबून उगाच बाजार न्याहाळत राहायचो, आणि तू मशिनवरून ओरडायचास, "ये की भिवा वर, का बँड बोलवू?" गोळ्या झाल्या. एकदा विजेचा झटका देऊन झाला. पंधरा दिवस नीट, पुन्हा पहिले पाढे. शेवटी पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, मांडीच्या शिरेतून तार थेट हृदयापर्यंत नेऊ आणि जिथून हे चुकीचे हुकूम सुटतात त्या जागा भाजून टाकू. तारीख निघाली ती नेमकी पितृपंधरवड्यातली. तुझी वहिनी तुळजा हटूनच बसली. "पितरांच्या दिसात काळजाला डाग देत्यात व्हय कुणी?" तेव्हा तूच तिची समजूत काढलीस. म्हणालास, "वहिनी, पितरं त्याला न्यायला आली तर आपल्याला त्याची कटकट तरी कमी व्हईल. पर त्ये बी न्यायचे न्हाईत, त्यांनी त्याच्या कविता ऐकल्यात." ती हसली आणि पिशवी भरायला लागली. तुझं तेवढं ऋण.

टेबलावर मी अर्धवट गुंगीत होतो. समोरच्या पडद्यावर माझ्या हृदयाचा नकाशा होता, रंगीत, आपल्या धरणाच्या पाणलोटाच्या नकाशासारखा. मी विचारलं, यातला ओढा कुठला? डॉक्टर म्हणाले, "आजोबा, डोळे मिटा." डोळे मिटले तर पौडच्या शाळेतला सातवीचा वर्ग दिसला. गुरुजी छडीनं टेबलावर वृत्त ठोकतायत, लगागा लगागा लगागा लगागा, सगळा वर्ग एका तालात, आणि मागच्या बाकावर तू, कायम अर्धी मात्रा उशिरा. "इब्राहिम, कविता डोंगर चढून गेली रे, तू अजून ओढ्यातच?" तेव्हा आपण किती हसायचो. मला वाटलं, माझं हृदय सहा वर्षं मुक्तछंदात चालत होतं, आता त्याला कुणीतरी वृत्तात बसवतंय.

आणि मग शांतता. ह्या शांततेचंच मला फार नवल वाटलं. पाण्याच्या मोटारीचा आवाज दिवसभर कानावर असतो तोवर जाणवत नाही, वीज गेली की कळतं केवढी घरघर होती ती, तसं. आठवड्याभरानं मी डाव्या कुशीवर वळून झोपलो. सहा वर्षं मला त्या कुशीवर झोपता येत नव्हतं, वळलं की फडफड उशीत ऐकू यायची. आमची खाट अशी आहे की डावीकडं वळलं की तुझ्या वहिनीचं तोंड दिसतं. बघतो तर तिचे पुढचे केस पार पांढरे. हे कधी झालं म्हणून मी विचारलं, तर म्हणाली, "तुमी भिताडाकडं तोंड करून झोपत हुता तवा." दवाखान्यातून सुटताना त्यांनी कागदावर पन्नास गोष्टी लिहून दिल्या, त्यात हे कुठंच नव्हतं.

आणखी एक गंमत सांगतो, जी मी डॉक्टरांनाही विचारली नाही. पूर्वी शाळेतली एखादी कविता मनातल्या मनात म्हणताना शेवटच्या कडव्याला छातीत काहीतरी उसळी मारायचं. ती मी कवितेची करामत समजायचो. आता तेच कडवं म्हणतो, डोळे भरतात, पण छाती आपली घड्याळासारखी. मग आधी जे उसळायचं ते काय होतं रे, कविता की रोग? म्हातारपणी असे प्रश्न पडतात आणि उत्तर द्यायला गुरुजी नाहीत.

आता लपवाछपवीकडं येतो. घरी सोडताना डॉक्टर आमच्या पोराला, शेखरला म्हणाले होते, तीन महिने हृदय आतून भरून येत असतं. मध्येच ठोके चुकले तर घाबरू नका, तेवढ्यावरून काही ठरवायचं नाही. रक्त पातळ राहायची गोळी चुकवू नका, जड उचलू नका, ताण घेऊ नका. या सगळ्यातलं आमच्या घरानं काय उचललं, तर ताण. शेखर तळ्याकाठी तंबू लावतो, शनिवार-रविवार पुण्याची पोरं येऊन राहतात. त्यांचा गाण्याचा कर्णा बंद झाला. टीव्हीवरच्या बातम्या बंद. पेपर आधी शेखर वाचणार, मग मला, तोही पानं गाळून. गावात कोण आजारी, कुणाची भावकी भांडली, कोण गेलं, काही माझ्यापर्यंत पोचेना. भात कापणीला मी बांधावर पाहुण्यासारखा खुर्ची टाकून बसलो. विळ्याला हात लावला तर चौघीजणी एकदम ओरडल्या, "आबा, रगात थांबायचं न्हाई!" इंद्रायणीचा वास सुटलेला आणि मी हाताची घडी घालून. मी ओटीवर आलो की बोलणं थांबायचं. इतकं लगेच थांबायचं की थांबल्याचाच आवाज यायचा.

घटस्थापनेच्या तिसऱ्या दिवशीची गोष्ट. मला घरी येऊन पंधरा दिवसही झाले नव्हते. पहाटे उठून तुझ्या वहिनीनं तीसेक भाकरी थापल्या, पातेलंभर पिठलं केलं, धडप्यात बांधलं आणि शेखरच्या गाडीवर बसून गेली. मला म्हणाली, उरवड्याला बहिणीकडं कामाची माणसं लागलीत, डबा द्यायचाय. मी पडल्या पडल्या विचार करत राहिलो. नवरात्रात हिचा स्वतःचा नऊ दिवस उपास, बहिणीच्या घरी घट बसलेले, आणि भाकरी-पिठलं कुणासाठी? दुपार टळल्यावर दोघं परतली ती सरळ घरात आली नाहीत. परसातल्या नळावर दोघांनी अंगावर पाणी घेतलं, मग उंबरा ओलांडला. खिडकीतून मी सगळं बघितलं. तिचे डोळे सुजलेले. मी मनाशी ताडलं की माझ्यासाठी कुठंतरी देवऋषाकडं उतारा टाकायला गेली होती, आणि त्यानं काही बरं सांगितलेलं दिसत नाही. बघ, माणूस स्वतःचं मरण कुठं कुठं शोधतो. अख्खं गाव मला माझ्याबद्दलच कुजबुजताना दिसत होतं.

मग दिवाळीला तुझा सदरा आला. एक्केचाळीस दिवाळ्या तू मला सदरा शिवतोयस. कापड तुझ्या पसंतीचं, माप तुझ्या डोक्यातलं आणि काजं मैमुनाभाभीच्या हातची. तुझ्या दुकानातल्या पडद्याआड बसून तिनं आयुष्यभर बाजारपेठेच्या सदऱ्यांना काजं केली, आणि माझ्या सदऱ्याला करताना दर वेळी शेवटी एक आडवा टाका जास्त घातला. कारण मी बटणं हिसके देऊन काढतो, हे तिनं लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी हेरलं होतं. अंधारात बोट फिरवून मी सांगेन, हे भाभीचं काज. ह्या दिवाळीच्या सदऱ्याला बोट फिरवलं तर मशिनचं काज. सरळ, गुळगुळीत, कुणाचंही. तुला फोनवर विचारलं तर म्हणालास, "तिला आता बारीक दिसत न्हाई रं." मला पटलं. आपलीही वयं झाली.

पण दर शुक्रवारी तुझा फोन यायचा आणि मी म्हणायचो, दे की भाभीला. कधी ती आंघोळीला गेलेली, कधी नमाजाला बसलेली, कधी लेकीकडं, आलियाकडं, भिवंडीला. एकदा म्हणालास, "तुझ्यावर रागावलीया, तू दवाखान्यातनं आल्यावर आधी तिच्या हातचा चहा प्यायला आला न्हाईस म्हनून." ते ऐकून मला केवढं बरं वाटलं होतं! तू स्वतः मात्र एकदाही आला नाहीस. गुडघ्याचं निमित्त. मुळशी काही लांब नाही, तुझ्या परवेजकडं गाडी आहे. मी म्हटलं, याला माझ्या तोंडाकडं बघवत नाही. तुझ्या चेहऱ्यावर काही लपत नाही. शाळेत पाटी फोडली कुणी हे गुरुजी तुझे कान बघून ओळखायचे. म्हणजे हा इब्राहिमसुद्धा त्यांना सामील आहे, आणि मी नक्की जातोय. इतका विचार झाल्यावर खरं सांगतो, मला भीती कमी वाटत होती आणि उत्सुकता जास्त. रोज सकाळी साडेआठला नाडीवर बोट ठेवून मोजायचो. सदुसष्ट, पासष्ट, अडुसष्ट. मधल्या काळात चारदोनदा ठोके चुकले तेही टिपून ठेवले. मरणाऱ्या माणसाचे आकडे इतके चांगले कसे, हे कोडं सुटेना.

डिसेंबरात तीन महिन्यांची तपासणी झाली. चोवीस तास छातीला यंत्र बांधून ठेवलं होतं. शेखरला गोळ्या आणायला खाली धाडलं आणि डॉक्टरांना एकटं गाठून विचारलं, साहेब, आता मला खरं सांगा, किती दिवस? ते यंत्राचा कागद माझ्यापुढं सरकवून म्हणाले, "आजोबा, दिवसभरात लाखभर ठोके पडलेत आणि एकही वाट चुकलेला नाही. तुमचं हार्ट माझ्यापेक्षा सरळ चालतंय." मग घरचे कुजबुजतात का, मी म्हटलं. ते म्हणाले, "ते ह्या मशिनमध्ये दिसत नाही हो." परत येताना गाडीत मी डोळे मिटून घेतले. शेखरला वाटलं मी दमलो. मी हिशेब जुळवत होतो. लपवतायत हे खरं, माझ्याबद्दल नाही हेही खरं. मग कुणाबद्दल? घरातली सगळी माणसं डोळ्यांपुढं आहेत, धडधाकट आहेत. सगळ्यात सरळ उत्तर माझ्या डोक्यात आलंच नाही. कदाचित दारापर्यंत आलं असेल, मीच आत घेतलं नसेल.

गेल्या मंगळवारी, भोगीच्या दिवशी, दवाखान्याची एक प्रश्नावली गौतमीच्या मोबाईलवर आली. ऑपरेशननंतर पेशंटचं जगणं कसं चाललंय ते त्यांना हवं होतं. माझी नात वाचणार, मी उत्तर देणार, ती बोटानं दाबणार. मला फार मजा वाटली. आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी मला मोजत होतं. "आबा, गवताचं लॉन मशिननं कापताना दम लागतो का?" मी म्हटलं, लॉन कुणाचं? "बरं, कणगी सरकवताना?" थोडा. "गोल्फ खेळताना?" आम्ही दोघं इतकं हसलो की तुझी वहिनी लाटणं घेऊन बाहेर आली. झोप कशी, भूक कशी, मनाला उदास वाटतं का, एकटं वाटतं का. मी सगळ्याला झकास उत्तरं देत होतो. मग तिनं वाचलं, "आजारामुळे मित्रांच्या, नातेवाइकांच्या भेटीगाठी कमी झाल्या का? अजिबात नाही, थोड्या, बऱ्याच, खूप." मी म्हटलं, दाब, खूप! चार महिने झाले, त्या इब्राहिमनं पाऊल टाकलेलं नाही. आता डॉक्टरांची परवानगी आहे, रविवारी पौडला जातो आणि नवरा-बायको दोघांना समोर बसवून चांगलं फैलावर घेतो. भाभीला म्हणतो, रागावली असशील तर तोंडावर रागाव.

गौतमीनं दाबलं नाही. मोबाईल पालथा ठेवला. वाढदिवसाला तिनंच मला नाडी दाखवणारं घड्याळ दिलंय. माझं मनगट हातात घेऊन ते वळवून बघितलं. म्हणाली, "सहासष्ट. आबा, मी एक सांगते. घड्याळाकडं बघत ऐकाल?" आणि इब्राहिम, माझ्या मनगटावर बोटं ठेवून त्या एकोणीस वर्षांच्या पोरीनं मला सांगितलं. चार दिवसांचा ताप. पुण्याच्या दवाखान्यात नेलं तेव्हा उशीर झाला होता. घटस्थापनेचा तिसरा दिवस. तीस भाकरी तुझ्या घरी होत्या, कारण तुमची चूल थंड होती. शेखर तुमच्यासोबत कब्रस्तानात गेला. आणि तिथं तू त्याचा हात धरून म्हणालास, "भिवाला कळता कामा न्हाई. तीन म्हैने त्याचं काळीज कच्चं हाय. मैमुना तर गेली, आता त्यो बी गेला तर मी बोलू कुणाशी?" शेखरनं शब्द दिला. तीन महिने सरले तेव्हा सांगायचं कुणी, यावर घरात महिनाभर ढकलाढकल चालली. तुझी वहिनी म्हणे भावजींनी सांगावं, शेखर म्हणे आईनं सांगावं, आणि भावजी तर दर शुक्रवारी फोनवर भाभी आंघोळीला गेल्याचं सांगतायत.

मी घड्याळाकडं बघत होतो. सहासष्ट, एकाहत्तर, चौऱ्याहत्तर, सत्तर. बास. गौतमी रडत होती आणि आकडा परत जागेवर येऊन बसला. मला माझीच लाज वाटली रे. मैमुनाभाभी गेली आणि माझ्या छातीनं आठ ठोके जास्त टाकून हजेरी लावल्यासारखं केलं. जुनं हृदय असतं तर ते निदान अडखळलं असतं. मी उठलो, परसात गेलो, तिथं तुझी वहिनी उभी होती, तिला कळलंच होतं. मी तिच्यावर ओरडणार होतो. चार महिने मला गोठ्यातल्या वासरासारखं गोंजारत ठेवलंत, एका माणसाच्या दुःखातनं माझं नाव खोडून टाकलंत, असं काहीबाही मनात होतं. तिनं फक्त एवढंच म्हटलं, "मी तुमास्नी कशी सांगणार हुते? मी सांगाया लागले की मलाच रडू यायाचं." मग आम्ही दोघं तिथंच दगडावर बसलो. ती काय काय सांगत राहिली. भाभीचा चेहरा कसा दिसत होता, पडद्याआडची तिची चटई कशी तशीच होती, सुईत दोरा ओवलेला होता. तेव्हा मात्र मी रडलो, खूप वेळ रडलो, आणि रडताना नाडी मोजायचं सुचलं नाही. नंतर वाटलं, डॉक्टरांनी ज्या जागा भाजल्या त्या रडण्याच्या नव्हत्या. एवढं एक उत्तर मला मिळालं.

तू मला फसवलंस म्हणून मी तीन दिवस तुझ्यावर चिडलो होतो. शुक्रवारी फोन आला की बोलायचं असं ठरवून शब्दन् शब्द घोकून ठेवला होता. फोन आला. तू नेहमीसारखा म्हणालास, "काय भिवा, इंजिन कसं हाय?" मी तोंड उघडलं आणि माझ्या तोंडून भलतंच निघालं. म्हटलं, भाभी काय करतेय? आणि तू म्हणालास, "तांदूळ निवडतीया. तुमच्या नव्या तांदळात खडे लई म्हनून मला बोलतीया. म्हनं, भिवाभावजींनी तांदूळ धाडला का रस्त्याची खडी?" हे सांगताना तू हसलास. इब्राहिम, मी कान देऊन ऐकत होतो. ज्यानं चौतीस वर्षं पाण्याची रेष वाचली त्याला आवाजातली रेष वाचता येते. ते हसणं खोटं नव्हतं. तुला ती समोर दिसत होती, सूप मांडीवर घेतलेली. मागं कधीतरी ती तसं बोललीही असेल. आणि मला एकदम कळलं की हा आता माझ्यासाठी खोटं बोलत नाही. तीन महिने माझ्यासाठी बोलला असेल. आता आठवड्यातून एकदा, शुक्रवारच्या त्या दहा मिनिटांत, ह्या जगात एकच माणूस असा आहे ज्याच्याशी बोलताना मैमुना घरात आहे. परवेजपाशी नाही, आलियापाशी नाही, बाजारपेठेत कुणापाशी नाही. फक्त माझ्यापाशी. मी म्हटलं, भाभीला सांग, पुढच्या वेळी पाखडून धाडतो. तू म्हणालास, "सांगतो." आणि फोन ठेवलास.

तेव्हापासून मी विचार करतोय. गप्प राहणं सोपं आहे. दर शुक्रवारी मी विचारीन, तू सांगशील, तिला आणखी दोन-चार वर्षं आपण तांदूळ निवडायला लावू. मला त्याचा मोह पडला, खोटं कशाला बोलू. पण फोन ठेवल्यावर तू काय करत असशील, हे मला काही केल्या दिसेना. त्या दहा मिनिटांनंतर ती तुझ्या घरातून दर आठवड्याला नव्यानं जात असणार, आणि तिला पोचवायला तू एकटाच. ते मला सहन होत नाही. फोनवर सांगायला गेलो तर तुझा आवाज ऐकून मी पुन्हा तेच विचारणार, म्हणून हे पत्र. येत्या शुक्रवारी फोन करू नकोस. मी गुरुवारी सकाळच्या एसटीनं येतोय, एकटा. शेखर सोडायला येतो म्हणत होता, त्याला नको म्हटलंय. आधी दुकानात यायचं नाही, घरी यायचं नाही, तू मला स्टँडवर भेट आणि तिथून सरळ कब्रस्तानात ने. मातीला मी नव्हतो. माझ्या वाटची मूठभर माती चार महिने उशिरानं घातली तर चालते का, ते मला माहीत नाही, तू कुणाला तरी विचारून ठेव. नसेल चालत तर तुझ्याशेजारी नुसता उभा राहीन. मग तिथंच बसू, आणि तू मला सगळं सांग, ताप चढला त्या सकाळपासून, काही न गाळता. माझ्या काळजाकडं बघून थांबू नकोस. ते आता पक्कं झालंय.

तुझाच,
भिवाजी